रीमॅन्युफॅक्चर्ड सीव्ही अ‍ॅक्सल: गाडीखाली जाण्याआधी तो कसा पारखायचा

वळणावर चाकाकडून टक्-टक् आवाज यायला लागतो. गाडी वर घेतली की चाकामागे फाटलेला रबर बूट, म्हणजे सांध्यावरचं घडीचं आवरण, दिसतो, रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असतं, आणि मेकॅनिक सांगतो की ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा सीव्ही अ‍ॅक्सल, बदलावा लागेल. मग समोर तीन वाटा असतात: गाडीच्या कंपनीचा नवा अ‍ॅक्सल, बाहेरच्या उत्पादकाचा नवा अ‍ॅक्सल, किंवा रीमॅन्युफॅक्चर्ड, म्हणजे जुनाच अ‍ॅक्सल खोलून, दुरुस्त करून पुन्हा बांधलेला. हा लेख तिसऱ्या वाटेने जाणाऱ्यांसाठी आहे, त्यातही ज्यांनी आजवर अ‍ॅक्सल कधी हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच सांगतो. रीमॅन्युफॅक्चर्ड अ‍ॅक्सल जात्याच कमअस्सल नसतो. त्याचा सांगाडा मूळ कारखान्यातला असतो. ते पोलाद, त्याला दिलेलं पाणी (म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कडकपणा), त्याचं माप, सगळं त्याच गाडीसाठी ठरवलेलं असतं. स्वस्तातल्या नव्या अ‍ॅक्सलपेक्षा नीट बांधलेला जुना अ‍ॅक्सल मी केव्हाही पसंत करेन. अडचण इतकीच की नीट बांधलेला आणि नुसता रंगवलेला, दोन्ही खोक्यातून निघताना सारखेच दिसतात. ज्या भागावर सगळं अवलंबून आहे तो बुटाच्या आत ग्रीसमध्ये बुडालेला असतो. म्हणून डोळ्यांपेक्षा हातांवर, आणि त्याहूनही जास्त जुन्या अ‍ॅक्सलशी केलेल्या तुलनेवर विसंबावं लागतं. जुना अ‍ॅक्सल शेवटपर्यंत हातचा सोडू नका. हे मी पुढे दोन-तीनदा म्हणणार आहे, कारण नवखी माणसं नेमकी तिथेच चुकतात.

आत नेमकं काय झिजतं

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याच चाकांनी गाडी ओढायचीही असते आणि वळवायचीही असते. साधा युनिव्हर्सल जॉइंट (दोन शाफ्ट कोनात जोडणारा सांधा) कोनात फिरवला तर शाफ्ट एकसारखा फिरत असूनही पलीकडची बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढेमागे होते. वळणावर स्टीअरिंगला हिसके बसतील. त्यावरचा तोडगा १९२६ साली आल्फ्रेड रझेपा या अभियंत्याने काढला: बाहेर एक वाटी, आत एक गोलसर गाभा, दोहोंत समोरासमोर कोरलेल्या सहा खोबणी, प्रत्येक खोबणीत एक छर्रा, आणि छऱ्यांना जागेवर धरणारा पिंजरा. कोन कितीही असो, छर्रे त्या कोनाच्या बरोबर मध्यावरच्या पातळीत राहतात, म्हणून दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरतात. सीव्ही म्हणजे एकसमान वेग, ते हेच. १९५९ साली आलेल्या मिनी गाडीतही याच जातीचे सांधे होते. आज चाकाकडच्या टोकाला जवळपास सगळीकडे याच घराण्यातला सांधा असतो आणि तो ४५ अंशांच्या पुढेपर्यंत वाकतो.

गिअरबॉक्सकडच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत ट्रायपॉड असतो: तीन बोटं, प्रत्येक बोटावर नीडल बेअरिंगवर फिरणारा रोलर, आणि ते तिन्ही रोलर ज्यात सरकतात ते तीन खोबणींचं घर. हा सांधा कमी वाकतो, पण आत-बाहेर सरकतो. सस्पेन्शन वरखाली झालं की अ‍ॅक्सलची लांबी बदलावी लागते, ती इथे बदलते.

आता झीज. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर जातं, त्यामुळे बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या, सांध्यातले छर्रे खोबणीच्या मधल्या थोड्याशा पट्ट्यातच पुढेमागे होत राहतात आणि तिथेच खळगा पडतो. वळताना छऱ्याला त्या खळग्यातून वर चढावं लागतं. ऐकू येते ती टक्-टक् या चढण्या-पडण्याची. बूट फाटून आत धूळ आणि पाणी गेलं की हे काम वर्षांऐवजी काही आठवड्यांत उरकतं.

खोबणीच्या पोलादाला वरून पाणी दिलेलं असतं. तो कडक थर फार जाड नसतो, एक-दोन मिलिमीटरच्या घरातला. आतलं पोलाद मुद्दाम चिवट ठेवलेलं असतं, म्हणजे सांधा हिसक्याने तडकत नाही. चांगला कारखाना खोबण मोजतो, झीज कमी असेल तर मिलिमीटरचा थोडासा अंश घासून तिला पुन्हा गुळगुळीत करतो आणि मूळ मापापेक्षा किंचित मोठे छर्रे टाकतो. झीज जास्त असेल तर तो भाग भंगारात टाकतो, कारण अजून घासलं तर कडक थरच निघून जाईल. वाईट कारखाना एक तर घासतच नाही, किंवा थराचा विचार न करता घासत सुटतो. पहिल्यातला अ‍ॅक्सल पहिल्या दिवसापासून वाजतो. दुसऱ्यातला काही महिने छान चालतो आणि मग एकदम बसतो. हा दुसरा प्रकार हाताने ओळखू येत नाही, म्हणून विक्रेत्याला विचारायचे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

पायरी १: दोष अ‍ॅक्सलचाच आहे ना?

कमी वेगात स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी गोल फिरवा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. फिरण्याच्या वेगाबरोबर वाढणारी टक्-टक् आली तर बाहेरचा सांधा. अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना एकच ‘ठक्’ येत असेल, किंवा वेग पकडताना गाडी थरथरते आणि पाय उचलताच थरथर थांबते, तर आतल्या सांध्याकडे संशय घ्या. पाय उचलूनही थरथर तशीच राहत असेल तर आधी टायर आणि चाकांचं बॅलन्सिंग बघा. वेगाबरोबर वाढणारी घुंई, जी हलक्या वळणावर कमी-जास्त होते, ती बहुतेकदा व्हील बेअरिंगची असते.

बूट फाटलाय पण आवाज अजिबात नाही, असं असेल तर अ‍ॅक्सल विकत घ्यायच्या आधी थांबा. सांधा खोलून, धुऊन, नवा बूट आणि नवं ग्रीस भरलं की तोच अ‍ॅक्सल पुढे बराच काळ चालू शकतो. तुमच्या गाडीत आधीपासून बसलेला मूळ अ‍ॅक्सल हा तुम्हाला मिळू शकणारा सगळ्यात खात्रीचा अ‍ॅक्सल आहे, कारण त्याचा सगळा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

पायरी २: विक्रेत्याला काय विचारायचं

रीमॅन्युफॅक्चर्ड, रीकंडिशन्ड, रीबिल्ट हे शब्द दुकानांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांत फरक आहे. ब्रिटिश मानक बीएस ८८८७ च्या व्याख्येप्रमाणे रीमॅन्युफॅक्चर्ड वस्तू किमान मूळच्या नव्या वस्तूइतकी काम करणारी हवी आणि तिची हमीही नव्याइतकी किंवा जास्त हवी. रीकंडिशन्ड म्हणजे फक्त समाधानकारक चालेल इतपत दुरुस्त केलेली. तेव्हा खोक्यावर रीमॅन्युफॅक्चर्ड लिहिलंय आणि हमी मात्र नव्या अ‍ॅक्सलच्या निम्मीही नाही, तर खोक्यावरचा शब्द आणि आतला माल यांचा मेळ बसत नाही, असंच समजा.

हमीनंतरचा मुख्य प्रश्न एकच: खोबणी मोजून घासल्या आहेत का, आणि छर्रे नवे टाकलेत का? ज्याला आपल्या मालाची माहिती आहे तो याचं उत्तर सरळ देतो, कधी कधी गरजेपेक्षा जास्तच लांबवून देतो. ‘सगळं नवंच असतं हो’ हे उत्तर नव्हे. मग आणखी थोडं विचारा. बूट कशाचा आहे, निओप्रिन रबराचा की थर्मोप्लास्टिकचा? दोन्ही चालतात. थर्मोप्लास्टिक कडक असतं, घासलं तरी लवकर फाटत नाही. चांगलं निओप्रिन थंडीत लवचीक राहतं. मूळ गाडीत जे होतं तेच असलं तर उत्तम. ग्रीस कोणतं? बाहेरच्या सांध्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं ग्रीस असतं. आतल्या ट्रायपॉडसाठी बऱ्याचदा वेगळं ग्रीस लागतं. दोन्हीकडे एकाच डब्यातलं साधं चॅसिस ग्रीस भरलेलं असेल तर तो अ‍ॅक्सल तिथेच ठेवून या.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. गाडी पुढे जाताना छर्रे खोबणीच्या एकाच भिंतीवर दाब देतात, दुसरी भिंत जवळपास कोरीच राहते. काही ठिकाणी डाव्या बाजूचा सांधा उजव्या बाजूसाठी वापरून ही कोरी भिंत कामाला लावतात. खोबण तपासूनच हे केलं असेल तर त्यात गैर काही नाही. न तपासता केलेलं असेल तर हा खळग्यावर टाकलेला पडदा आहे. विचारायला हरकत नाही.

आणि अनामत. बहुतेक विक्रेते जुना अ‍ॅक्सल परत घेतात आणि तोवर अनामत ठेवून घेतात. परत करायची मुदत किती, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. नवा बसवून, गाडी चालवून, खात्री करून मगच जुना परत देता येईल इतकी ती हवी.

पायरी ३: दोन्ही अ‍ॅक्सल शेजारी-शेजारी ठेवा

जुना काढून झाल्यावर तो पुसून घ्या आणि सपाट जागेवर नव्याच्या शेजारी ठेवा. ही पायरी दहा मिनिटांची आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूक इथेच पकडली जाते.

लांबी मोजताना घाई करू नका. आतला सांधा सरकणारा असल्यामुळे नुसतं टोकाला टोक लावून काही कळत नाही. दोन्ही अ‍ॅक्सल पूर्ण आत दाबून एकदा मोजा, आणि अलगद बाहेर ओढून, अडकेल तिथवर, दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही मापं जुळली पाहिजेत. दाबलेल्या स्थितीत नवा लांब असेल तर सस्पेन्शन पूर्ण दबताना तो गिअरबॉक्सवर धडकेल. ओढलेल्या स्थितीत आखूड असेल तर रोलर घराच्या तोंडाशी येतील. ओढताना जोर लावू नका. काही ट्रायपॉडमध्ये रोलर बाहेर निसटायला फारसं काही लागत नाही.

मग दाते. दोन्ही टोकांचे दाते मोजा, हबकडचे (चाक ज्यावर बसतं तो हब) आणि गिअरबॉक्सकडचेही. त्यांच्या कडा धारदार आणि सरळ हव्यात. कडेला चेपलेला किंवा एका बाजूला कललेला दाता म्हणजे जुना मालक हबचा नट ढिला ठेवून बरीच गाडी चालवत होता. नटाचे आटे हाताने तपासा: नवा नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

शाफ्टची जाडी व्हर्निअरने दोन-तीन ठिकाणी बघा. काही मूळ शाफ्ट पोकळ असतात, वजनावरून कळतं. पोकळच्या जागी भरीव शाफ्ट आला तर गाडी चालेल, पण त्या शाफ्टची कंपनं वेगळी होतील आणि कुठल्यातरी वेगाला ती स्टीअरिंगमध्ये जाणवू शकतील. शाफ्टवर कुठेही वेल्डिंगची रेघ दिसली, तर बाकीचं काही बघायची गरज नाही. वेल्डच्या उष्णतेने त्या जागचं पाणी उतरलेलं असतं, आणि अ‍ॅक्सल तुटला तर तिथेच तुटतो.

लांब शाफ्टवर मध्येच रबरात बसवलेलं एक जाड कडं असतं, डँपर म्हणतात त्याला. पुष्कळांना ते शोभेचं किंवा बिनकामाचं वाटतं, आणि पुनर्बांधणीत तेच सर्रास गायब होतं. ते त्या शाफ्टच्या कंपनांसाठी जुळवलेलं असतं. जुन्यावर असेल तर नव्यावर हवंच, तेही तितक्याच अंतरावर. टेपने मोजा.

बाहेरच्या सांध्याभोवती एबीएसचं (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) दात्यांचं कडं असेल तर त्याचे दाते एकेक करून मोजा, खडूने खूण करून. एक दाताही कमी-जास्त झाला तर त्या चाकाचा वेग कॉम्प्युटरला बाकीच्या चाकांहून वेगळा दिसतो आणि एबीएसचा दिवा लागू शकतो. कड्याला कुठे बारीक तडा गेला असेल तर आणखी त्रास: गाडी थांबता थांबता ब्रेक पेडल विनाकारण धडधडतं. अलीकडच्या अनेक गाड्यांत हे काम व्हील बेअरिंगमधल्या चुंबकी कड्याकडे गेलंय, तिथे अ‍ॅक्सलवर काहीच नसतं. जुन्यावर कडं नसेल तर नव्यावर शोधू नका.

शेवटी गिअरबॉक्सकडचा तो गुळगुळीत पट्टा, जिथे ऑइल सील घासते. त्यावरून नख फिरवा. नख कुठे अडलं, गंजाचा खड्डा लागला, किंवा पट्ट्यावर रंग फासलेला दिसला, तर नवी सील टाकूनही तेल गळणार. रंग तर मला दोन्ही अर्थांनी नकोसा वाटतो: ज्याने सीलच्या पट्ट्यावर रंग मारला, त्याने बाकीचंही न बघता केलेलं असणार.

पायरी ४: हातांनी तपासणी

अ‍ॅक्सल व्हाइसमध्ये धरा, पण जबड्यांत मऊ अ‍ॅल्युमिनियम किंवा लाकूड घालून, आणि शाफ्टलाच, बुटाला नव्हे. बाहेरचा सांधा दोन्ही हातांत घ्या.

आधी सरळ ठेवून तो डावीकडे-उजवीकडे पिळा, बाटलीचं झाकण उघडता-लावता तसा. खडखड वाटली, मधे मोकळी जागा लागली, तर छर्रे खोबणीत ढिले आहेत. चांगल्या सांध्यात हा प्ले जवळजवळ कळतच नाही. मग सांधा वाकवा, हळूहळू, पूर्ण कोनापर्यंत, आणि चारही दिशांना. नव्या बांधणीचा सांधा थोडा जड लागतो. त्याची काळजी करू नका, चालून तो मोकळा होतो. काळजी करायची ती अडखळण्याची. विरोध सगळीकडे सारखा हवा, घट्ट मधात चमचा फिरवल्यासारखा.

सगळ्यात जास्त लक्ष सरळ स्थितीच्या आसपास द्या. सरळपासून थोडंसं, पाच-दहा अंश, वाकवा आणि परत आणा, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी सांधा थोडा फिरवून. खळगा तिथेच असतो हे वर सांगितलंच. न घासलेला सांधा या जागी हाताला किंचित ‘बसल्यासारखा’ लागतो, जणू त्याला सरळ राहायचंय आणि तिथून निघायला एक छोटा धक्का लागतोय. हे एकदा कळलं की पुन्हा विसरत नाही. सराव हवा असेल तर तुमचाच वाजणारा जुना सांधा हातात घेऊन आधी तिथली खाच ओळखा, मग नव्याकडे वळा. हा आणखी एक उपयोग जुना जवळ ठेवण्याचा.

आतला ट्रायपॉड. त्याला आत ढकला, बाहेर ओढा, थोडा वाकवून पुन्हा ढकला-ओढा. रोलर खोबणीतून सरळ सरकले पाहिजेत. कुठे किरकिर, कुठे अडकून मग एकदम सुटणं, हे नको. इथे थोडं थांबून सांगतो, कारण या सांध्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि तक्रारी सगळ्यात जास्त याच्याच असतात.

इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर सतत थोडं हलत असतं. आतला सांधा मोकळेपणाने सरकला तर ते हलणं शाफ्टपलीकडे जात नाही. पण ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये टाकून ब्रेकवर उभी असली की सांध्यावर पीळ असतो, आणि खोबणी खडबडीत असतील तर त्या पिळाखाली रोलर घसरत नाहीत. मग इंजिनची थरथर शाफ्टमधून सरळ चाकाकडे आणि तिथून बॉडीत येते. सिग्नलला उभं असताना स्टीअरिंग आणि सीट गुणगुणतात. चालत्या गाडीत याचं दुसरं रूप दिसतं: तीन बोटं असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात तीन हिसके, आणि जोरात वेग पकडताना गाडीचं तोंड डावी-उजवीकडे थरथरतं. ही थरथर कमी व्हावी म्हणून काही मूळ ट्रायपॉडमध्ये कोनाप्रमाणे स्वतःला सावरून घेणारे रोलर असतात. त्यांच्या जागी साधे रोलर असलेला सांधा बसवून दिला तर तो हातात उत्तम वाटतो, गाडीत नाही.

मी स्वतः यात अडकलो होतो. बसवलेला अ‍ॅक्सल वळणावर अगदी शांत होता, म्हणून त्याच्यावर संशयच घेतला नाही. उभ्या गाडीची थरथर मी इंजिन माउंटिंगवर ढकलली, माउंटिंग बदललं, काही फरक नाही. शेवटी कोपऱ्यात पडलेला जुना अ‍ॅक्सल खोलला. त्याचे सांधे ठीक होते, फक्त बूट गेला होता. नवा बूट टाकून तोच परत चढवला आणि थरथर त्याच दिवशी गेली. तो अ‍ॅक्सल मी अनामतीसाठी परत करून टाकला असता तर आजही माउंटिंगच बदलत बसलो असतो.

शाफ्ट वाकडा आहे का हे बघायला डायल गेज आणि व्ही-ब्लॉक असतील तर उत्तम. नसतील तर शाफ्ट दोन टोकांशी टेकवून फिरवा आणि मध्यभागी स्थिर धरलेल्या तारेच्या टोकाशी अंतर कमी-जास्त होतं का बघा. डोळ्याला दिसेल इतका वाकडेपणा म्हणजे खूपच झाला.

पायरी ५: बूट आणि क्लॅम्प

बुटाच्या घड्या एकसारख्या हव्यात. घडी आत बसलेली किंवा बूट पिळलेला असेल तर आत हवेचा दाब कमी राहिलाय, आणि तीच घडी फिरताना घासून फाटेल. घड्या हाताने ताणून खाली बघा, भेगा रंगाखाली लपतात. क्लॅम्प पक्क्या धातूचा, नीट दाबलेला हवा. प्लॅस्टिकची केबल टाय इथे चालत नाही, कुणी काहीही म्हणो. बूट बोटांनी हलवून बघा: क्लॅम्पखाली तो सरकता कामा नये. क्लॅम्पच्या कडेने ग्रीस पाझरलेलं असेल तर अ‍ॅक्सल परत करा. अजून तो फिरलेलाही नाही.

आत ग्रीस किती भरायचं हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक सांध्यासाठी ग्रॅममध्ये दिलेलं असतं. बाहेरून ते मोजता येत नाही, पण बूट हलकेच दाबला तर रिकामा आणि भरलेला यांतला फरक बोटांना कळतो.

पायरी ६: बसवताना चांगला अ‍ॅक्सल खराब करू नका

पुष्कळ अ‍ॅक्सलवर वाईट असल्याचा शिक्का बसतो, आणि खरा दोष असतो बसवण्याचा. गाडी जॅकवर सोडून खाली जाऊ नका, खाली घोड्या (जॅक स्टँड) लावा. अ‍ॅक्सल उचलताना दोन्ही सांध्यांना आधार द्या. एका टोकाला लोंबकळत ठेवला तर आतल्या सांध्यातले रोलर निसटू शकतात किंवा बूट चेपतो. गिअरबॉक्सकडची सर्क्लिप (टोक आत अडकवून ठेवणारं बारीक कडं) नवी टाका. टोक आत गेल्यावर ‘टक’ जाणवली पाहिजे, आणि मग घराला धरून हलकं ओढलं तर ते बाहेर येता कामा नये. ओढायचं ते घराला. शाफ्टला ओढलंत तर सांधाच खेचला जाईल. ऑइल सीलच्या ओठाला आधी थोडं तेल लावा आणि दाते त्यावरून घासू देऊ नका.

बाहेरचं टोक हबमध्ये हातानेच गेलं पाहिजे. हातोडीने ठोकून घालावं लागत असेल तर दाते जुळत नाहीत किंवा त्यात गंज आहे. थांबा आणि बघा. हबचा नट नवाच वापरा, तो बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो. टॉर्क, म्हणजे नट आवळायचा पीळ, मॅन्युअलप्रमाणे द्या. बऱ्याच गाड्यांत तो २०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, तेव्हा अंदाजाने किंवा इम्पॅक्ट गनने तो जमत नाही. नट पूर्ण आवळण्याआधी गाडीचं वजन त्या चाकावर टाकू नका, गाडी ढकलूही नका. अनेक हब बेअरिंगना त्या नटानेच दाबून धरलेलं असतं आणि तो ढिला असताना थोडंसं फिरलं तरी बेअरिंग खराब होतं. तो आवाज पुढे अ‍ॅक्सलच्या नावावर जातो.

पायरी ७: पहिली फेरी

उभ्या गाडीपासून सुरू करा. इंजिन गरम झाल्यावर, ब्रेक दाबून, ऑटोमॅटिक असेल तर डी आणि आर दोन्हीत, स्टीअरिंगवर हात ठेवून अर्धा मिनिट शांत बसा. आधी नव्हती ती थरथर आली का? मग मोकळ्या जागेत पूर्ण वळवून हळू गोल फिरा, दोन्ही बाजूंना, काचा खाली करून. नंतर रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोराने वेग पकडा आणि एकदम पाय उचला. थरथर जोरासोबत येते-जाते का, तेवढंच बघायचं. परत आल्यावर खाली वाकून सीलच्या जागी तेल आणि बुटांच्या कडेला ग्रीस आहे का ते तपासा.

एका दिवसात समाधान मानू नका. अनामतीची मुदत असेतोवर रोजच्या रस्त्यांवर गाडी चालवा, खड्ड्यांवरून, चढावर, पूर्ण भरलेली. पाणी उतरलेल्या खोबणी लगेच बोलत नाहीत. काही शे किलोमीटरनंतर चाक काढून वरची हातांची तपासणी जमेल तेवढी पुन्हा करा: शाफ्ट धरून बाहेरचा सांधा पिळा, प्ले पहिल्या दिवसापेक्षा वाढलाय का बघा. वाढला असेल तर हमीचा कागद काढा आणि अ‍ॅक्सल परत न्या. तेवढ्या वेळात वाढणारा प्ले पुढे थांबत नाही.

सगळं ठीक निघालं तर जुना अ‍ॅक्सल देऊन अनामत घ्या. त्याचे सांधे अजून चांगले असतील, तर मात्र अनामतीचा मोह सोडा. त्याला नवे बूट आणि ताजं ग्रीस घाला, दात्यांना तेलाचा हात फिरवा, पिशवीत बांधा आणि ठेवून द्या. त्यावर तो कोणत्या गाडीचा, कोणत्या बाजूचा, हे कागदावर लिहून चिकटवायला विसरू नका.